वाहणाऱ्याचं फळ

दसरा जवळ आला की आमच्या घरात माणसांना बसायला जागा उरायची नाही. ओसरीवर, माजघरात, चुलीमागच्या कोपऱ्यातसुद्धा सीताफळं मांडलेली असायची. माय त्यांच्या तीन रांगा करायची. खवल्यांमधल्या फटी पिवळसर झाल्या, म्हणजे आमच्याकडे म्हणतात तसे फळानं डोळे उघडले, की ते पहिल्या रांगेत. ही रांग पुण्याला जायची. बोटाखाली नमायला लागलेलं फळ दुसऱ्या रांगेत. आणि पोपटांनी टोचलेलं, खारीनं कुरतडलेलं, झाडावरच चिरलेलं ते तिसऱ्या रांगेत. ही तिसरी रांग आम्हा पोरांची. पुढं लग्न होऊन धाराशिवला आल्यावर नवऱ्यानं बाजारातून अख्खं, गोल, कुठंही चोच न लागलेलं सीताफळ आणलं, तेव्हा मी ते बराच वेळ नुसती हातात धरून बसले होते. आमच्या घरातून असली किती गेली याला गणती नाही, आणि मी त्यातलं एकही खाल्लं नव्हतं.

आमचं गाव बालाघाटाच्या उतारावर. खाली दीड कोसावर कुर्डुवाडीहून बार्शीवरून लातूरला जाणाऱ्या छोट्या रेल्वेचं स्टेशन होतं. जमीन म्हणजे मुरूम, तिच्यात ज्वारी आली तर आली. पण डोंगरात सीताफळाची झाडं कुणी न लावता उगवायची आणि कुणी न विचारता लगडायची. त्या दिवसांत पहाटेपासून गल्लीतल्या बायका आकड्या घेऊन डोंगरात जायच्या आणि उन्हं चढायच्या आत पदर, टोपल्या भरून आमच्या ओसरीवर उतरायच्या. गोणपाटातून दाभण आरपार जाताना एक करकर आवाज येतो. तो आवाज आणि बायकांचं बोलणं, दोन्ही दिवसभर चालू. भाकऱ्या थापायला फुरसत नसायची, म्हणून सकाळीच धपाट्यांची चळत लावून ठेवायची आणि ज्याला भूक लागेल त्यानं शेंगाचटणीबरोबर हाणायची. बियासुद्धा वाया जात नसत. त्या कुटून उवांसाठी आमच्या डोक्याला चोळत, आणि पूड डोळ्यांत जाऊ नये म्हणून कपाळावर फडकं करकचून बांधत. चार पोरी कपाळाला फडकी बांधून ओळीनं बसलेल्या बघून पाहुणे दचकायचे.

पाटी भरायची आमची एक रीत होती, आणि ती मला नीट सांगायला हवी, कारण पुढचं सगळं तिच्यावरच घडलं. बांबूच्या पाटीत खाली वाळलं गवत, त्यावर सीताफळाचाच पाला, मग फळं, मग पुन्हा पाला. वरून गोणपाट टाकून ते कडेनं सुतळीनं शिवायचं. मायला लिहिता येत नव्हतं, म्हणून गोणपाटावर तांबड्या कावेनं तीन उभ्या रेघा ओढायची. पुण्याच्या मंडईतला व्यापारी त्या तीन रेघा बघूनच पाटी ठेवून घ्यायचा, उघडून बघायचा नाही. शिवताना मात्र एका बाजूला मूठ जाईल एवढी फट ठेवायची आणि त्या फटीखाली पुरतं पिकलेलं एकच फळ ठेवायचं. ते वाहणाऱ्याचं. आमची गाडी कुर्डुवाडीला संपायची. तिथून पुढं मोठी लाईन. छोटीचे रूळ अरुंद, मोठीचे रुंद, त्यामुळे डबा काही पुढं जायचा नाही. प्रत्येक पाटी हमालांनी उतरवून डोक्यावरून पलीकडच्या फलाटावर न्यायची. जो नेईल त्यानं फटीतून हात घालून आपलं फळ काढून घ्यायचं. गेनबा नावाचे म्हातारे मुकादम होते, त्यांना ही रीत ठाऊक होती आणि त्यांच्या हाताखालच्या सगळ्यांनाही.

पिकलं फळ कच्च्यात ठेवलं तर ते सगळी रास पिकवतं, हे आमच्याकडे शेंबडं पोरही सांगेल. आंब्याच्या अढीत आम्ही मुद्दाम तेच करतो. पण हे फळ पाटीत असायचं ते चार-पाच तास. सकाळी भरलं की दुपारी कुर्डुवाडीला कुणाच्या तरी पोटात. तेवढ्यानं काही बिघडत नसे.

ही रीत आली आज्जाकडून. माझा आज्जा, म्हणजे माझ्या वडिलांचे, आबांचे, वडील, तेव्हा ऐंशीच्या घरात होता. तरुणपणी तो गाडीवान. आमच्या भागातला कापूस, करडई, तूर घेऊन बारा-बारा बैलगाड्यांचा तांडा घाट उतरून बार्शीच्या पेठेला जायचा. बार्शी इंग्रजांची, आम्ही निजामाचे, मध्ये नाका. घाटाच्या तोंडाशी माणसं उभी असायची. चढाला चाकाला खांदा द्यायचा, उताराला मागून दोर धरायचा, हे त्यांचं काम. गाडीवर सगळ्यात वर जे असेल, मूठभर शेंगा, दोन कणसं, ते चालत्या गाडीवरून ते उचलून घेत. त्याला कुणी विचारत नसे. घाटाखाली बाजार होता, तिथं बैलांना नाल ठोकणारे, दोर वळणारे, भाकरी विकणाऱ्या बायका. मग गोऱ्या साहेबानं ही छोटी रेल्वे डोंगरापर्यंत आणली. गाड्या बंद नाही झाल्या, आखूड झाल्या. तीन दिवसांची वाट स्टेशनापर्यंतच्या दीड कोसावर आली. घाटाखालचा बाजार बसला. नालबंद गेले, दोरवाले गेले, आणि खांदा देणारी माणसं कुठं गेली हे कुणी बघितलंच नाही. आज्जा रोज दुपारी शिट्टी ऐकली की म्हणायचा, "आली साहेबाची म्हस," आणि कूस बदलायचा.

मागं एका कॉलेजातले तरुण प्राध्यापक माझ्याकडे वही घेऊन आले होते. ब्रिटिशांच्या रेल्वेमुळे तुमच्या भागाचा फायदा झाला की तोटा, हे त्यांना एका वाक्यात हवं होतं. मी म्हटलं, बाळा, एका वाक्यात हवं असेल तर तुझं तूच लिही. साहेबानं रूळ टाकले ते आमचा कापूस न्यायला, आमच्यावर माया होती म्हणून नव्हे. आज्जाचा धंदा त्या रुळांनी नेला. पण त्याच रुळांमुळे मायचा धंदा उभा राहिला. आज्जाच्या लहानपणी सीताफळ कुणी विकतही नव्हतं आणि घेतही नव्हतं. चार दिवसांत फुटणारं फळ बैलगाडीतून कुठवर जाणार? एकाच घरात सासऱ्याचं गेलं ते सुनेला मिळालं. आता याला फायदा म्हणायचं की तोटा, ते घरात कोण जेवायला बसलंय त्यावर आहे. त्यांनी यातलं काय लिहून घेतलं कोण जाणे, चहा मात्र दोनदा घेतला.

त्या वर्षी मी चौदा वर्षांची होते, आणि घरात पत्र वाचता येणारी मी एकटीच. आबांना सहीपुरतं येत होतं. दसऱ्यानंतर पुण्याहून कार्ड आलं. माल मऊ पडून, फुटून आला. चार दिवसांनी दुसरं आलं, त्यातही तेच. तिसरं कार्ड मी ओसरीवर सगळ्या बायकांसमोर वाचलं. तीन रेघांच्या पाट्या उघडल्या की आंबूस वास येतो, गिऱ्हाईक तोंड फिरवतं. आणखी एकदा असा माल आला तर यापुढे पाट्या पाठवू नयेत. वाचून संपलं तरी दाभणं थांबलेलीच होती. त्या ओसरीवर पंचवीस-तीस बायका बसायच्या. त्यांतल्या कितीजणींच्या घरात दिवाळीचं तेल या पाट्यांवर यायचं हे मला माहीत होतं. त्या सगळ्यांच्या मालासाठी व्यापाऱ्याकडे माय जामीन राहिली होती. रेघा तिच्या होत्या. रेघा गेल्या असत्या तर सगळ्याच बुडाल्या असत्या.

मग ज्याचा त्याचा आरोपी निघाला. आबा म्हणाले, गाडी उशिरा पोचते. आज्जा म्हणाला, गाडी म्हणजेच उशीर. बायकांचं म्हणणं की कुर्डुवाडीचे हमाल पाट्या आपटतात. मला विचाराल तर मला पक्की खात्री होती की कुणीतरी वाटेत पाट्यांत हात घालून चांगला माल काढतं आणि उरलेला तुडवतं. मी मायला सांगितलं की एकदा पाट्यांबरोबर जाऊन चोर धरून येऊ. तेव्हा दिवाळीची सुट्टी लागली होती. माय म्हणाली, चल. ती आजवर बेंबळीच्या माहेरापलीकडं एकटी कुठं गेली नव्हती, पण त्या दिवशी तिनं कुणाला विचारलं नाही, फक्त सांगितलं.

त्या छोट्या गाडीच्या डब्यात समोरासमोर बसलं की गुडघ्याला गुडघे लागायचे. समोरच्या म्हाताऱ्यानं सोयरिकीची चौकशी केली आणि पुढचं स्टेशन येईपर्यंत माझं लग्नही ठरवून टाकलं. मी खिडकीतून मालाच्या डब्यावर डोळा ठेवून होते. प्रत्येक स्टेशनावर उतरून बघून यायची. कुणी पाट्यांना शिवलं नाही. दुपारी कुर्डुवाडी आली, हमालांनी पाट्या उतरवल्या, आणि खरं सांगायचं तर आपटल्या वगैरे काही नाहीत. लेकरू उतरवावं तशा उतरवल्या. पलीकडच्या फलाटावर रास झाली. मी आणि माय एका बाकावर धपाटं खात बसलो. आमचं काही आहे असं दाखवायचं नाही असं आमचं ठरलं होतं.

थोड्या वेळानं एक उंच, काळासावळा माणूस आला. चाळिशीचा असेल. हातात दाभण आणि सुतळीचं रीळ. त्यानं पहिली पाटी फिरवली, फट शोधली, तिच्यात डोकावून बघितलं आणि खाली बसून ती घट्ट शिवून टाकली. मग दुसरी. मग तिसरी. आपल्याच घरचं काम असावं तसं तो मन लावून शिवत होता. मायच्या हातातलं धपाटं तसंच राहिलं.

मी उठून त्याच्यापुढं उभी राहिले आणि विचारलं, हे काय चाललंय.

"भोकं बुजवतोय, पोरी," तो मान वर न करता म्हणाला. "कोन पाडतंय काय म्हाईत. माल कमी भरला की नाव हमालाचं येतं. गेनबा मुकादम गेले लेकाकडं, त्येंची जुनी मानसं बी पांगली, तवापासनं हे काम माझ्याकडं हाय. एक बी पाटी म्या उघडी जाऊ दिली न्हाय."

मला आधी हसू आलं आणि मग सगळं ध्यानात आलं. आमची रीत सांगणारा माणूस काम सोडून गेला होता, जाताना सांगायचं राहून गेलं होतं, आणि हा इमानी माणूस प्रत्येक पाटीत एकेक पिकलं फळ दाबून, वारा जाणार नाही असं शिवून, पुढं दोन दिवसांच्या वाटेला लावत होता. अढीच घालत होता म्हणा ना. एकही चोर नव्हता. माय उठून आली, पदर सावरला आणि तिनं त्याला सगळं सांगितलं. ते फळ तुमचंच आहे, काढून घ्या म्हणाली.

तो दोन पावलं मागं सरला. "न्हाय मावशी. शिवल्या मालात हात घालताना कुणी बघितलं तर उद्या बिल्ला काढून घेतील. घरी चार लेकरं हायत. तुमी म्हन्ता ते खरं आसंल, पर बघनाऱ्याला काय ठावं?"

मायनं तिथंच फलाटावर बसून सव्वीस पाट्यांच्या फटी उसवल्या, पिकलेली फळं काढली आणि पुन्हा शिवल्या. तो मुकादम शेजारी उभा राहिला, कुणी विचारलं तर साक्ष द्यायला. फळ मात्र त्यानं एकही घेतलं नाही. ती सगळी आम्ही मुसाफिरखान्यातल्या बायकापोरांना वाटली आणि दुसऱ्या सकाळच्या गाडीनं परत आलो. मला वाटलं सुटलो, चोर नाही पण रोग तर सापडला. यापुढं पाटीत पिकलं फळ ठेवायचं नाही, संपलं.

ते संपलं नाही. आज्जानं ऐकून घेतलं आणि सरळ सांगितलं की वाहणाऱ्याचा वाटा ठेवल्याशिवाय त्याच्या घरातून पाटी बाहेर जाणार नाही. नाही गेली पुण्याला तर न जावो. त्याच्या बापानं भर दुष्काळात गाडीवरची मूठ राखली होती. आबांनी समजावलं, तर आज्जानं त्यांनाच गप्प केलं. ओसरीवर पाट्या भरून तयार, गाडीला दीड तास, आणि घरातला कर्ता माणूस दारात काठी आडवी धरून बसलेला. बायका एकमेकींकडे बघत होत्या. पाट्या त्या दिवशी राहिल्या असत्या तर पुन्हा कुणी मागवल्या नसत्या.

माय सासऱ्यापुढं कधी बोलत नसे. काय हवं-नको ते माझ्या तोंडून विचारायची. त्या दिवशी ती हातातलं दाभण गोणपाटात खोचून उठली आणि उंबऱ्याच्या आत उभी राहिली. तिचा आवाज चढला नाही, पण सगळ्यांना ऐकू जाईल एवढा होता.

"मामा, वाटा द्यायचा तर हातात द्यावा. फटीत ठिवून कुनी उचलंल म्हनून बसायचं, ह्यो वाटा न्हाय. त्या मानसाला चोर ठरवायचं काम हाय ते."

"घाटात आमी काय हातात देत व्हतो व्हय?" आज्जा म्हणाला. "चालत्या गाडीवरनं घेत व्हते."

"घाटात ते तुमाला वळखत व्हते. तुमी त्येंना वळखत व्हता. कुर्डुवाडीत आपल्याला कोन वळखतंय?"

आज्जानं दारातली काठी हलवली नाही. मला त्याची भीती वाटत होती आणि, आज खोटं कशाला बोलू, मायचा अभिमान इतका वाटत होता की डोळ्यांत पाणी आलं. माय पुढं म्हणाली, पाटीमागं एक नको, माणसामागं एक देऊ, उघड्या टोपलीत, सगळ्यांदेखत. आज्जानं विचारलं, मग तिथवर जाऊन हातात देणार कोण? माय गेली तर पाट्या कोण भरणार, आबा पेरणीत, माझी शाळा चार दिवसांवर. मी तरीही जाते म्हणाले, तर कुणी लक्ष दिलं नाही. आज्जानं काठी उभी केली, तिच्यावर भार देऊन उठला आणि पटका शोधायला लागला. "म्या जातो," एवढंच म्हणाला. आयुष्यात तो त्या गाडीत पाय ठेवणार होता तो पहिल्यांदा. मायनं घाईघाईनं दुसऱ्या रांगेतली बारा चांगली फळं टोपलीत पाल्यावर मांडली, धपाटी बांधून दिली, आणि आबांनी त्याला गाडीवानाच्या शेजारी बसवून स्टेशनवर नेलं. डब्याच्या दाराशी तो क्षणभर थांबला म्हणे. मग टोपली आधी आत ठेवली आणि नंतर स्वतः चढला.

पुण्याचं कार्ड आठ दिवसांनी आलं. माल चांगला, चाळीस पाट्या पाठवा. ते मी इतक्या मोठ्यानं वाचलं की शेजारचं कुत्रं भुंकलं. त्यानंतर मायच्या तीन रेघा बरीच वर्षं पुण्यात चालल्या, छोटी गाडी बंद पडेपर्यंत. आज रुंद रूळ झालेत, धाराशिवातूनच गाडी मिळते, माल उतरवून चढवायची गरज नाही, आणि मी त्या गाडीनं मजेत लेकीकडे जाते. जुनं तेच सोनं म्हणणाऱ्यांतली मी नाही. पण तो आठवडा आठवला की मला कार्ड आठवत नाही, आज्जाचं परत येणं आठवतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी तो आला. पटक्यावर कोळशाची काजळी, टोपली रिकामी. ओसरीच्या कडेला बसला, तांब्याभर पाणी प्यायला. आम्ही सगळे भोवती. माय नेहमीसारखी दाराआड उभी राहून मला खुणावत होती की विचार, घेतलं का त्यांनी. मी विचारायच्या आधीच त्यानं मान वळवली आणि सरळ तिलाच सांगितलं.

"घेतलं. हातात घेतलं, समद्यांनी. एकेकाला गाव इचारलं म्या. त्यो शिवनारा मुकादम हाय न्हवं, त्यो घाटाखालच्या बाजारातला. आनखी तिघं तितलेच. त्येंच्या आज्ज्यांनी माझ्या चाकाला खांदा दिलेला हाय, सूनबाई." त्यानं रिकामी टोपली तिच्याकडे सरकवली. "बारा कमी पडली. सा जनांना अर्धं-अर्धं द्यावं लागलं. उद्याच्याला पंधरा काढ."